द्वादशीची गोळी

अप्पा, परवा पुन्हा एकादशी आहे आणि आईच्या गोळीचं काय करायचं ते तुम्हाला विचारायचं आहे. बाकी सगळ्यांना विचारून झालं.

तुम्ही गेलात तेव्हा मी पाटीवर तुम्ही घातलेलं वळण गिरवत होतो, म्हणून आधी माझं सांगतो. औषधांचा डिप्लोमा मी अर्ध्यावर सोडला. आता इथेच तंजावुरात एका खाजगी इस्पितळात टायपिंग करतो. औषधांची माहिती देणाऱ्या आमच्या खोलीत डॉक्टरांचे, नर्सांचे, मेडिकलवाल्यांचे फोन येतात. ही गोळी कुटून नळीतून दिली तर चालेल का, मूत्रपिंड बिघडलेल्याला हे इंजेक्शन किती द्यायचं, अंगावर पाजणाऱ्या बाईला हे औषध चालतं का. तिथल्या फार्मासिस्ट मॅडम पुस्तकं उघडून उत्तर सांगतात आणि मी ते टाइप करून पाठवतो. पाठवण्याआधी औषधाच्या नावावरून बोट फिरवत एकेक अक्षर तपासतो. मॅडम म्हणतात, "तुझा माझ्यावरसुद्धा विश्वास नाही." जिथे त्यांचीच खात्री नसते तिथे त्या 'खात्रीशीर माहिती नाही' असं लिहायला सांगतात. ते वाक्य टाइप करताना माझा हात कधी अडखळत नाही.

आईच्या हृदयात वॉल्व्ह बसवला आहे. तेव्हापासून तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज संध्याकाळी घ्यावी लागते, जन्मभर. रक्त घट्ट झालं तर वॉल्व्हवर गुठळी धरते, फार पातळ झालं तर कुठूनही वाहायला लागतं. म्हणून सारखी तपासणी. आणि तिची तपासणी कधी सरळ येत नव्हती. रक्त घट्ट आलं की डॉक्टर गोळी वाढवायचे, मग तिच्या दंडावर काळेनिळे डाग उठायचे, दात घासताना रक्त यायचं, मग ते कमी करायचे. "गोळी रोज घेता ना?" ते विचारायचे. "रोज," आई सांगायची. मी शेजारी बसून मान डोलवायचो.

मग एका द्वादशीला मी रजेवर घरी होतो. संध्याकाळी पाण्याचा पेला आणि गोळी तिच्यापुढे ठेवली तर तिनं गोळी परत डबीत टाकली.

"आज नको. सकाळी अगत्ती खाल्लीय ना."

अप्पा, परसातलं ते झाड तुम्हीच लावलेलं. उपास सोडायला द्वादशीला अगत्तीचा, म्हणजे हदग्याचा, पाला हवाच, आणि अगत्ती औषधाचा गुण मोडते असं इथे सगळेच म्हणतात. आईनं दोन्हींचा मेळ घातला होता. औषध मोडणारच असेल तर घ्यायचं कशाला? आदल्या दिवशी एकादशी, म्हणजे पाण्याचा थेंब नाही, मग गोळी कुठून? दर पंधरवड्याला दोन दिवस गोळी नाही आणि वर ताट भरून पाला.

"डॉक्टरांना रोज घेते म्हणून सांगतेस."

"रोजच घेते की. एकादशी-द्वादशी काय रोज असते?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, बाहेरून फोन आल्यासारखं, पेशंटचं वय आणि वॉल्व्ह सांगून. पाल्यानं या गोळीचा जोर कमी होतो, तरी पालेभाजी बंद करू नये, त्या म्हणाल्या, पण एका दिवशी ढीगभर आणि बाकी दिवस काहीच नाही असंही नको. थोडी आणि रोज सारखीच खावी. गोळी एकही दिवस चुकवायची नाही. चुकलेल्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधी कळायला हवं, नाहीतर ते आंधळेपणानं डोस वाढवत बसतील. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "पेशंट तुझी कोण?" मी की-बोर्ड पुढे ओढला.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी आईला तमिळमध्ये शांतपणे समजावलं. तिनं हात जोडले. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "चांगला माणूस आहे. त्याला द्वादशी नाही, तो तरी काय करणार." मी म्हटलं, आजारी माणसाला उपास माफ असतो. ती म्हणाली, "तुझ्या अप्पांनी कधी मोडला?" मी म्हटलं, अप्पांना वॉल्व्ह नव्हता. "असता तरी मोडला नसता," ती म्हणाली, आणि वाटभर ऑटोवाल्याशी भाताच्या लावणीबद्दल बोलत राहिली.

तिला तुमचीच साक्ष हवी होती. तेव्हा मला ती सकाळ आठवली. मला ताप आहे. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चटईवर पडलो आहे. तुमच्यापुढे पितळेचं ताट आहे, त्यात हिरवा पाला, तुम्ही देठ काढून टाकता आहात. आई न्हाणीत आहे. तुम्ही हात पुसून उठता, लहान पेल्यात तापाचं औषध ओतता आणि मला पाजता. मग पेला धुऊन पालथा घालता आणि पुन्हा ताटापाशी बसता.

पुढच्या द्वादशीला मी हे आईला सांगितलं. ती सकाळही द्वादशीचीच होती, असं सांगितलं. ती हातातलं काम सोडून खाली बसली.

"मला कधी बोलले नाहीत."

"तू न्हाणीत होतीस."

"पाजताना काय म्हणाले?"

"काही नाही. पेला धुऊन ठेवला."

"हेच," ती म्हणाली. "कधी बोलायचेच नाहीत." आणि बऱ्याच काळानं हसली. मग तिनं गोळी घेतली.

तेव्हापासून दर द्वादशीला संध्याकाळी ती ते पुन्हा सांगायला लावते, तुम्ही कुठे बसला होता, कुठला पेला, आणि मगच गोळी घेते. पण अप्पा, त्या ताटात शेवग्याचा पालाही असू शकेल. तो आपल्याकडे कुठल्याही दिवशी व्हायचा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला निदान शंका तरी होती. आता डोळे मिटले की अगत्तीचीच लांब पानं दिसतात, आणि आधी काय दिसत होतं ते कितीही आठवलं तरी येत नाही.

परवाचं राहिलंच आहे. एकादशीची गोळी ती अजून घेत नाही. काल विचारत होती, "एकादशीला कधी तुला पाणी पाजलं का रे त्यांनी, तू आजारी असताना?" मी आठवून सांगतो म्हटलं. एकादशीची तुमची एकही आठवण माझ्यापाशी नाही. पण आज दुपारी फोन बंद होते तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या तुमच्या हातात तांब्या कुठला असेल, ते मी ठरवत होतो.