आधी पाडलेलं घर

३ एप्रिल
वडिलांचं जुनं लाकडी घर आज पाडलं. त्याच जागी दुमजली बांधणार: वर लारिसा आणि जावई, खाली मी आणि बायको, दारिया. ऑक्टोबरात नातवंड येतंय, ते आमच्या डोक्यावरच नाचेल. बांधकामाचा परवाना अजून हातात नाही, पण पाडायचा मिळाला म्हणजे बांधायचा मिळणारच. साधं लॉजिक. मेहुणा बोहदान म्हणाला, दाजी, आधी कागद, मग कुदळ. या माणसाने आयुष्यात कोंबड्यांचं खुराडंही बांधलेलं नाही.

४ एप्रिल
तात्पुरता मुक्काम बोहदानच्याच तळघरात. सहा आठवडे. जास्तीत जास्त आठ. खिडकी आहे. तिच्यातून त्याच्या गाडीचं चाक दिसतं.

२१ एप्रिल, सकाळी ९
नगरपालिका. खिडकीवर लाफ्लर बाई. तुमचं नवं घर शेजाऱ्यांच्या ओळीपुढे दोन फूट येतंय म्हणाल्या, नकाशा बदला. दारियाच्या हातच्या पेरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, नेल्या होत्या. नियमात बसत नाही म्हणून परत केल्या. बाई प्रामाणिक आहेत, म्हणजे काम झालंच.

१८ मे
ओळ जुळली. आता गाडी लावायची जागा कमी पडते. मला गाडीच नाही, म्हटलं. बाई म्हणाल्या, पुढच्या मालकाला असेल.

२६ जून
गाडीसाठी जागा काढली. स्वयंपाकघर छोटं केलं. दारियाला सांगितलेलं नाही.

२७ जून
तिला कळलं.

५ ऑगस्ट
नवं घर म्हणजे शहराच्या नळावर, गटारावर नवा बोजा, म्हणून विकासशुल्क. साठ वर्षं आम्ही त्याच गटारात पाणी सोडतोय, मी ओरडलो. लाफ्लर बाई म्हणाल्या, जुनं घर उभं असतं तर सूट मिळाली असती हो, आता कागदावर ती मोकळी जागा आहे. वडिलांनी अख्खं घर त्या शुल्काहून स्वस्तात घेतलं होतं. बोहदानला कळता कामा नये.

६ ऑगस्ट
बोहदान जिन्यात शीळ घालतोय.

९ सप्टेंबर
लारिसा म्हणाली, बाबा, बाळ काय तुमच्या फाइलीत ठेवू? शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत त्यांनी तयार घर बघितलंय. म्हटलं, महिनाभर थांब. थांबेल. माझीच मुलगी आहे.

३० सप्टेंबर
थांबली नाही.

१९ ऑक्टोबर
नात झाली. हान्ना, माझ्या आईचं नाव. दोन बस बदलून गेलो. पंधरा मिनिटं मांडीवर होती, तेवढ्यात परतीची बस. रस्ताभर रडू येत होतं. दारियाला म्हटलं, वारा लागला डोळ्याला.

४ डिसेंबर
नकाशा मंजूर! शुल्क भरलं की परवाना. बँक नाही म्हणाली. तशीही जमीन गोठलीय, मेपर्यंत कुदळ लागायची नाही. लारिसाचा फोन: आमचं तळघर रिकामं आहे, दोघंही इकडेच या. गहिवरलो. म्हटलं, तळघरात माणसं ठेवायला परवाना लागतो, उद्याच अर्ज करतो. बाबा, हात जोडते, ती म्हणाली, तुम्ही फक्त या.

८ डिसेंबर
यावेळी आधी कागद. अर्ज केला. दारिया म्हणाली, तुम्ही बसा वाट बघत, आणि बॅग घेऊन नातीकडे गेली. हरकत नाही. सहा आठवडे. जास्तीत जास्त आठ. खिडकीत बर्फ साचलंय, गाडीचं चाक दिसत नाही.