पूररेषेचे चाळीस मीटर

४ मार्च, सकाळ
ठरलं. पूररेषा हलवायची नाही. पाणी जिथवर चढतं तिथे नकाशावर निळी रेघ, तिच्या आत घरं नाहीत. नगररचना खात्यात बावीस वर्षं काढलीत मी. पालिकेच्या अध्यक्षसाहेबांना ती रेघ चाळीस मीटर नदीकडे सरकवून हवीय, त्यांच्या मेहुण्याच्या इमारती बसाव्यात म्हणून. तोंडावर ‘नाही’ म्हणणार. चहा झाला की.

४ मार्च, दुपार
केबिनबाहेर सव्वा तास बसवलं. आत साहेब फारच प्रेमाने बोलले. मुलगी कितवीला, शाळेत कुठल्या रस्त्याने जाते, विचारलं. मी सगळं सांगितलं, वळणांसकट. बाहेर आल्यावर पेनाचं टोपण दोनदा हातातून पडलं. एसी फार ठेवतात.

७ मार्च
विरोधाची टिप्पणी लिहितोय असं बायकोला सांगितलं. लिही, म्हणाली. मग म्हणाली, मुलीला उद्यापासून मीच सोडत जाईन. भित्री आहे बिचारी. तिला धीर दिला. सुताराकडून दाराला दुसरी कडी बसवून घेतली. पहिली जुनीच झाली होती.

१२ मार्च
टिप्पणी तयार. चार पानं, जहाल. वाचून घाम फुटला, म्हणजे तेवढी परिणामकारक. ‘धोकादायक’ काढून ‘विचारार्ह’ घातलं. आता पाऊण पान. मुद्देसूद.

१३ मार्च
आमच्या खात्यातली नकाशेवाली, माझ्याच हाताखाली शिकलेली, तिने रेघ हलवायला लेखी नकार दिला. तीन ओळी. मला म्हणाली, “सर, तुमची टिप्पणी सोबत जोडते.”
फायनल व्हायचीय, म्हणालो. तरुण रक्त. माझं धोरण वेगळं, आत राहून लढायचं.

१८ मार्च
तिची बदली. जन्म-मृत्यू नोंदणी, तळघरात. टेबल आवरत होती तेव्हा मी महत्त्वाच्या फोनवर होतो. फोन लागलेला नव्हता.
घरासमोर एक पांढरी गाडी उभी होती. खिडकीच्या फटीतून तासभर पाहिली. शेजाऱ्यांच्या जावयाची निघाली.

१९ मार्च, ४.४०
रेघ सरकवली. तात्पुरती. स्केलपट्टी घसरत होती, तीनदा खोडावं लागलं. सही केली, पण मुद्दाम तिरकी. जाणकाराला त्यातला निषेध दिसेल.

२६ मार्च
साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मला वाटलं मारतायत, मी खाली वाकलो. लोक हसले. वातावरण खेळीमेळीचं आहे.

९ एप्रिल, संध्याकाळ
ताईचा फोन. माझी सख्खी मोठी बहीण. नदीकाठी घर बुक केलंय म्हणाली, त्याच इमारतींत. गुडघ्यांमुळे तळमजला. “नकाशावर तुझी सही दिसली, मग मी आणखी काही विचारलंच नाही.”
सगळं सांगून टाकायचं ठरवलं. पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो. ती थांबून होती.
वरचा मजला घे, म्हणालो.
का रे, म्हणाली.
वारा चांगला येतो, म्हणालो.