सम्राटाचं डोकं, माझं नाव

जानेवारी, महिन्याच्या मध्यावरच्या इडच्या आदल्या दिवशी. सकाळ.
आजपासून शिस्त. पहाटे उठणे. दारू बंद. माझा मदतनीस हिलारस, त्याच्याशी वाद बंद. सम्राटाचा पुतळा वसंताआधी चौकात उभा राहिलाच पाहिजे. धड हिलारसने कधीच करून ठेवलंय. झगा, हात, पाय आणि मानेच्या जागी खोबण. असली धडं तो वर्षभर करत असतो, जो मरेल किंवा निवडून येईल त्याला चिकटवतात. त्यात कला ती काय? लोक चेहरा बघतात. चेहरा माझा. म्हणजे सम्राटाचा.
दगड बाबांचा, लुनाच्या खाणीतला पांढराशुभ्र संगमरवर. चांगल्या कामाला ठेवलाय म्हणायचे. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं कोरली, त्यांचं नाव मात्र गावात कुठेही नाही. माझं असणार.

त्याच दिवशी. संध्याकाळ.
चौथऱ्यावर माझं नाव, पाकूवियस, कोरून लाल रंगही भरला. अक्षरं जरा मोठी झाली. ‘याने घडवला’ हे शब्द राहिले, हात गारठले होते. सम्राटाचं नाव वर कुठेतरी बसेल. गारठ्यावर औषध म्हणून एकच पेला.

जानेवारीचा शेवट.
सम्राटांना राजधानीत भर रस्त्यात मारलं. माझं काम जवळजवळ पुरं झालेलं! टक्कल, सुरकुत्या, बाकदार नाक, सगळं. आता नव्या सम्राटांचा प्लास्टरचा नमुना आलाय. कपाळभर कुरळे केस.
वेत्तिया म्हणाली की अहो, जरा थांबा, तिकडची धूळ तरी बसू दे. बायकोला राजकारणातलं काय कळतं. मला स्वस्थ बसवत नाही. टकलावर केस लावता येत नाहीत, पण टक्कल खोल कोरून त्यातून केस काढता येतात. डोकं किंचित लहान होईल. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मार्च.
कुरळे केस झाले. अप्रतिम. हिलारसने डोकं धडावर ठेवून पाहिलं. म्हणाला, उस्ताद, सम्राट झकास आहेत, पण इथे उभे असून ते लांब उभे असल्यासारखे का दिसतात? जळतो मेला. वाद घातला नाही. फार नाही.

एप्रिलचा शेवट.
कुरळ्या सम्राटांनी स्वतःच जीव दिला. माझा विचार कोणी करतच नाही.
नवे सम्राट जाडे आहेत, हनुवटीखाली आणखी हनुवट्या. नगरप्रमुख नोवेलियस म्हणाले, घाई नको रे बाबा, आणि सम्राटाचं नाव तर मुळीच कोरू नकोस. भित्रा माणूस. उद्यापासूनच सुरू. हनुवट्या मानेतून काढता येतील. मान तशीही झग्यात झाकलेलीच असते.

ऑगस्ट. दुपार, भयंकर ऊन.
झालं! आज सगळ्यांसमोर डोकं खोबणीवर ठेवलं. ते आत गेलं. पूर्ण आत. हिलारसने झग्यात हात घालून सम्राटांना केसाला धरून बाहेर काढलं. नोवेलियस खांबाकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. मी सांगितलं की चूक खोबणीची आहे. घरी आल्यावर शिस्तीतून एक दिवस सुट्टी घेतली.

डिसेंबर, सॅटर्नेलियाच्या सणाचा शेवट.
जाडे गेले. ओढत नेऊन मारलं म्हणतात. सगळं गाव नाचतंय, मी नव्या नमुन्यासमोर बसलोय. टक्कल. रुंद कपाळ. सुरकुत्या. गेल्या जानेवारीत माझ्याकडे होतं तेच डोकं, फक्त नाक सोडून. नाक काय, दुपारभराचं काम होतं.
वेत्तियाने नमुन्याकडे एकदा पाहिलं आणि जेवण वाढायला गेली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी.
त्याच डोक्यावर पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या घावाला कानासकट गाल गेला. उरलंय ते डाळिंबाएवढं. अंगणभर पांढऱ्या कपच्या पडल्यात. बाबांचा दगड संपला. फार वाईट वाटलं. ते असते तर शिव्या दिल्या असत्या, तेही चाललं असतं.

जानेवारी, इड.
पुतळ्याचं काम हिलारसला दिलं. नवा चौथरा, नवं धड, आणि डोकं म्हणे अगदी शेवटी, दहादा विचारून. आमचा जुना पुतळा चौकातून हलवायला निघाले, पण जड, म्हणून मासळीबाजाराच्या तोंडाशीच सोडलाय. मानेत नुसती खोबण, खाली लाल अक्षरांत माझं नाव. बाकी काहीच नाही.
एका कोळणीने पायाशी फुलं ठेवली आणि वेत्तियाला विचारलं की हे पाकूवियस कोण होते, कधी वारले? मी शेजारीच उभा होतो.
वेत्तियाने वर रिकाम्या खोबणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, अहो, इतकं हुबेहूब काम तुमच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झालंय.