मागची सीट

तृप्ती,

तुझ्या साखरपुड्याचा केक मीच करून राह्यलो. तुझ्या दादानं सांगितला. त्याला आपलं काहीच माहीत न्हाई. "तिला आवडंल असं बनव," म्हणला. मंग तुझी पिवळी स्कूटीच बनवली.

बाबांशी भांडून कॉलेज सोडलं, तेव्हा घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. तूच म्हणलीस, "तुझ्या पुतण्याच्या वाढदिवसाला केक कर." पहिला केक ट्रॅक्टरचा, कुकरमध्ये मिठावर भाजला आणि गरमागरम केकवरच क्रीम थापलं. सगळं वितळून ताटात! तू पोट धरून हसलीस. "आधी गार होऊ दे की रे. केकबी, अन् तूबी." आता पिंपळगावातल्या भावकीतलं एकबी लेकरू माझ्या केकशिवाय वाढदिवस करत न्हाई. बाबा स्वतः डबा पोचवतात.

आज स्कूटी भाजून निघाली अन् डोकं फिरलं. वाटलं, अशाच गरम केकवर क्रीम थापावं. वितळू दे सगळं, होऊ दे तमाशा. पण तुझं बोलणं आठवलं. दोन तास पंख्याखाली केकजवळ बसून राह्यलो.

क्रीम बराबर बसलंय. मागच्या सीटवर मी बसायचो. ती तुझ्या होणाऱ्या नवऱ्यासाठी मोकळी ठेवलीय.

हे पत्र माझ्यापाशीच राहील. केक तेवढा पोचवतो.

तुझ्यामुळं गार व्हायला शिकलेला,
भागवत