त्रेसष्ट नंबरचा बिल्ला

२० ऑक्टोबर १९९६, रविवार

खंडेनवमी. सकाळीच स्कूटर धुतली, हार घातला. आईने घरातलं होतं नव्हतं ते लोखंड-पितळ पाटावर मांडलं. विळी, कात्री, अडकित्ता, माझा पाईप पाना. माझ्या पँटीचे खिसेसुद्धा झाडले! त्यातून टूलरूमचे पितळी बिल्ले निघाले, पाच. कंपनीत प्रत्येक फिटरला पाच मिळतात, माझ्या सगळ्यांवर ११८. हत्यार घेतलं की बिल्ला टूलरूममध्ये टांगायचा, परत केलं की तो परत घ्यायचा. काल पूजेसाठी सगळी हत्यारं जमा केली, म्हणून पाचही खिशात होते. आईने त्यांनाही हळदकुंकू वाहिलं.

काल सुटल्यावर तसाच मातोश्री संकुलात गेलो होतो, जयमालाला साडी घ्यायला. पार्किंगमध्ये मुंगीला शिरायला जागा नाही. निघताना पार्किंगवाल्याच्या हातात गाडीचा बिल्ला कोंबला आणि सटकलो. साडी तिला आवडली. हिरवी.

२१ ऑक्टोबर

दसरा. आईने पाट उचलला. तिची ती पाथर्डीकडची रीत आहेच — पूजेतली एक वस्तू लाल फडक्यात गाठ मारून देवामागे ठेवायची आणि पुढच्या खंडेनवमीलाच सोडायची. वर्षभर हत्याराने कुणाला इजा करू नये म्हणून. गेल्या वर्षी मोडकी ब्लेड होती. यंदा माझा एक बिल्ला बांधला! लहान आहे, बरा मावतो म्हणे.

२२ ऑक्टोबर

टूलरूमच्या रंभाजीने चारच बिल्ले बघितले. पाचवा कुठंय? म्हटलं, देवामागे आहे, वर्षाने मिळेल. सगळी टूलरूम हसली. नवा करून घ्यायचं ठरलं. आईशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

२७ ऑक्टोबर, रविवार

अक्षर वेडंवाकडं येतंय.

दिवाळीच्या खरेदीला पुन्हा मातोश्री संकुल. बाहेर येतो तर स्कूटरच्या पुढच्या चाकाला साखळी. पार्किंगवाला वही घेऊन उभा. सहादेव नाव त्याचं, चाळिशीचा, बोलण्यावरून आमच्याच तिकडचा. वहीत ६३ नंबरच्या बिल्ल्यापुढे माझ्या गाडीचा नंबर. मागच्या शनिवारचा हा बिल्ला परत आला नाही, पाटीवर लिहिलंय तसा पन्नास रुपये दंड भरा. दंड! अरे, तुझ्या हातात दिलाय मी! पितळ त्याच्या तळहातावर दाबलेलं मला स्पष्ट आठवतंय.

तो म्हणाला, "भाऊ, ऐका तर. तुमी दिला, पन जो दिला त्यो—"

पुढचं मी ऐकलं नाही. कॉलर धरली. चौघं मध्ये पडले. त्यातला एक, ठेकेदाराचाच माणूस असणार, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बिल्ले चोरून नेत्यात आन् वर दादागिरी करत्यात."

चोर! जयमालासमोर! कंपनीतली दोन-तीन ओळखीची तोंडं होती गर्दीत. जयमाला पर्समधून पन्नासची नोट काढायला लागली तर मी तिच्या हातावर फटका मारला. पिशवी पडली, पणत्या फुटल्या. तिने त्या तिथेच वेचल्या, खाली बसून, माझ्याकडे न बघता.

गाडी तिथेच टाकून रिक्षाने आलो. दंड भरला म्हणजे चोरी कबूल केली. मेलो तरी भरणार नाही.

२८ ऑक्टोबर

जेवताना ताट भिंतीवर फेकलं. आईने भात गोळा केला.

३० ऑक्टोबर

संकुलाच्या ठेकेदाराला अर्ज दिला, दोन पानी, रीतसर. काकासाहेब म्हणतात त्याला. पानं न वाचताच कपाखाली ठेवली. वर चहाचा गोल ओला डाग. म्हणाला, साखळीत आहे तोवर गाडीचं रोजचं भाडं वेगळं लागेल. आणि हसला. ते हसू मी दिवसभर कानशीने जॉब घासताना बघत होतो. माप गेलं, दोन नग वाया.

नागापूरला कंपनीपर्यंत पायी जातो. रस्त्यात लोक विचारतात, गाडी कुठंय?

१ नोव्हेंबर

सहादेवचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही. दात पाडीन त्याचे.

३ नोव्हेंबर, रविवार

झालं ते असं झालं. जसं झालं तसंच लिहितो.

पाना घेऊन गेलो. बरोबर कंपनीतला दोस्त श्रीमंत, तो म्हणत होता नुसती साखळी तोडू आणि निघू. दुपारी दीडची वेळ, दुकानं अर्धी बंद. मी पाना कड्यात घालून पिळला, एक कडी उघडली. सहादेव पळत आला. ओरडला नाही. मला जरा बाजूला चला म्हणाला, सगळ्यांपुढं नको. मी म्हटलं, का, सगळ्यांपुढं चोर म्हणालास ना? म्हणाला, "म्या न्हाई म्हनलो, भाऊ. ह्ये बगा, ह्ये—" आणि खिशात हात घातला.

मूठ बाहेर आली. मिटलेली. मुठीतून काहीतरी चकाकलं.

चाकू! मी पाना मारला. नीट मुठीवर. हाड मोडल्याचा आवाज ऐकला मी, ओली फांदी मोडावी तसा. मुठीतली वस्तू खणकन खाली पडली आणि गटाराच्या जाळीतून आत गेली. तो गुडघ्यावर बसला. मी आणखी दोनदा मारलं, त्याच हातावर. का मारलं? चाकू तर पडला होता. राग होता म्हणून मारलं. इथे खोटं कशाला लिहू.

रक्त माझ्या बुटांवर होतं. आईने विचारलं तर रंग म्हणालो.

५ नोव्हेंबर

पोलिसांनी परवा नेलं, आज जामीन झाला. जबाबात सांगितलं — त्याने चाकू काढला, जीव वाचवायला मारलं. गटार उघडून बघितलं म्हणे, चाकू मिळाला नाही. दोन दिवसांत काय राहतंय तिथे? श्रीमंत म्हणाला, मीही चाकू पाहिला. त्यानेही पाहिला म्हणजे होताच.

सहादेवची दोन बोटं काढली. उजव्या हाताची.

९ नोव्हेंबर

काकासाहेबाच्या माणसांनी गाठलं, एमआयडीसीच्या फाट्यावर, पहिली पाळी सुटताना. तिघं होते. एकाने मागून हात धरले, दुसऱ्याने सायकलच्या चेनने तोंडावर. खालचे दोन दात गेले. रस्त्यावर पडल्या पडल्या एकाचा पाय धरला आणि चावलो! पिंडरीचा लचका तोडला असता. एवढी माणसं घरी चालली होती, एक थांबला नाही.

जयमाला रक्त पुसत होती आणि रडत होती. म्हणाली, पन्नास रुपयांवरून किती जणांचं रक्त सांडणार आहात? म्हटलं, पन्नासचा प्रश्नच नाही. मी बिल्ला दिलाय.

१८ नोव्हेंबर

कंपनीने कामावरून बाजूला केलं. कोर्टात सुटलो तर परत घेतील, नाहीतर कायमचं घर. स्कूटर पोलीस ठाण्यात गंजतेय, हार अजून तसाच आहे.

१२ फेब्रुवारी १९९७

गुंजाळ वकिलांनी आरोपपत्र वाचून दाखवलं. सहादेवचा जबाब! म्हणे, त्या शनिवारी मी दिलेला बिल्ला संकुलाचा नव्हता, कुठल्या तरी कंपनीचा होता, ११८ नंबरचा. तो मला परत करून आपला ६३ मागायचा होता. खिशातून तोच काढत होता. चाकू नव्हताच.

हसू आलं मला. किती बेरकी! माझा नंबर कुणा कामगाराकडून काढला असणार. वकील म्हणाले, तुमचे पाचही बिल्ले दाखवता येतील? म्हटलं, चार हे राहिले आणि पाचवा आईच्या फडक्यात. पुरावा घरातच आहे! वकील खूश झाले. म्हणाले, तो घेऊन या, त्याचा जबाब तिथेच आडवा होतो.

घरी येऊन फडकं मागितलं. आई देवापुढे उभी राहिली. म्हणाली, "वरीस भरायच्या आत गाठ सोडली तर हत्यार उलटतं. मी न्हाई सोडू देनार." समजावलं. ओरडलो. माझ्या तुरुंगाचा प्रश्न आहे म्हटलं. ती हलेना. मी हात उगारला. आईवर! ती डोळे मिटून उभी राहिली, पण बाजूला झाली नाही. जयमालाने माझा हात मागून धरला, तिला झटकलं तर ती दारावर आदळली.



१३ फेब्रुवारी

जयमाला शेवगावला माहेरी गेली. हिरवी साडी इथेच ठेवून गेली.

फडकं रात्रभर माझ्या हाताच्या अंतरावर होतं. सोडलं नाही. मला खात्री आहे, मग उघडून कशाला बघायचं?

२१ एप्रिल

तारीख. पुढची तारीख.

४ जुलै

कोर्टाच्या आवारात सहादेव दिसला. हात रुमालाने झाकलेला. ठेकेदाराने त्याला नोव्हेंबरातच काढून टाकलं. बरोबर त्याची बायको, छबूबाई. मला ओळखून सरळ पुढे आली. मला वाटलं शिव्या देईल, मी तयारच होतो. तिने शिव्या दिल्या नाहीत.

"बारा वर्सं ऊस तोडला आमी," ती म्हणाली. "पार्किंगची नोकरी लागली तवा म्हनलं, सुटलो. आता परत जायचं तर त्येंच्या हातात कोयता ऱ्हात न्हाई. मुकादम म्हनतो, नवरा-बायको दोगं पायजेत, अर्धी जोडी आमाला चालत न्हाई. तुमी शान्या मान्सासारखं एकदा ऐकून तरी घ्यायचं हुतं."

मी म्हटलं, चाकू काढणाऱ्याचं काय ऐकायचं?

सहादेवने तिला हाक मारली, "चल गं." तो मला काहीच बोलला नाही. त्याचाच राग जास्त आला. शिवी दिली असती, धावून आला असता तर बरं झालं असतं. घरी येऊन दाराला इतक्या जोरात लाथ मारली की कडी निघाली. ती अजून बसवलेली नाही.

२ सप्टेंबर

पुढची तारीख १४ ऑक्टोबर, मंगळवार. त्या दिवशी माझी साक्ष. खंडेनवमी १० तारखेला. बरोबर चार दिवस आधी! देवालाच काळजी.

२८ सप्टेंबर

श्रीमंत आला होता. चहा घेतला. जाताना उगाच म्हणाला, चाकू मी नीट असा पाहिला नव्हता, तू ओरडलास म्हणून मला वाटलं. त्याच्या अंगावर धावून गेलो. तो चपला न घालताच पायऱ्या उतरला. चपला अजून दारात आहेत.

९ ऑक्टोबर

उद्या गाठ सुटणार. मंगळवारी तो बिल्ला जज्जसाहेबांच्या टेबलावर आपटतो. ११८! म्हणावं, हा घ्या, वर्षभर माझ्या घरात होता, त्याच्या मुठीत कुठून येणार? मग सहादेवच्या तोंडाकडे बघायचंय मला. वर्षभर त्यासाठीच तर जगतोय.

जयमालाला शेवगावला पत्र टाकलंय, सुटलो की न्यायला येतो. आईने पाट धुऊन ठेवला आहे.

१० ऑक्टोबर १९९७

खंडेनवमी. आईने गाठ सोडली. बिल्ला कुंकवाने माखलेला. अंगठ्याने पुसला.

६३. खाली बारीक अक्षरात — मातोश्री संकुल.

आईला वाचता येत नाही. तिने विचारलं, "तुजाच हाय ना रं?"

"न्हाई," मी म्हणालो. "सहादेवचा हाय."

मंगळवारी तारीख आहे. बिल्ला खिशात ठेवला आहे.