अण्णासाहेबांचा पीटीओ आणि माझे खोडलेले कलम

मी, ज्ञानदेव रामचंद्र येळवंडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा ट्रॅक्टर दुरुस्ती, राहणार महाळुंगे, तालुका खेड, जिल्हा पुणे, माझ्या पश्चात काय व्हावे ते आज लिहून ठेवतो. हृदय कुरकुरते आहे, डोके शाबूत आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, कोणी गोडगोड बोलूनही हे लिहून घेतलेले नाही. तशी कोणाची छाती नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी मिनल हिची. माझी पत्नी कै. रुक्मिणी हिचे दागिने मिनलला आधीच दिलेले आहेत. तो विषय कोणी उकरून काढू नये.

२. गॅरेज, चेनपुली, जॅक व सर्व पाने मिनलचे. ती चाकणला कंपनीत गिअरबॉक्स जोडते आणि सुट्टीला माझ्याबरोबर काम करते. "पोरीचं काम न्हाई ते" असे म्हणणारे माझे धाकटे बंधू प्रभाकर यांना यातला एकही पाना मिळू नये. माझा मोठा रिंग पाना त्यांनी नेला तो नेलाच. तो त्यांना लखलाभ होवो.

३. दहाव्याला भाषणे नकोत. पेरणीचे दिवस असले तर त्या दिवशीही गॅरेज उघडे ठेवावे.

४. (हे कलम खोडले आहे, पण वाचता येईल असे ठेवले आहे.) चऱ्होलीचे माझे मित्र अण्णासाहेब तापकीर अधूनमधून त्यांचा जुना ट्रॅक्टर घेऊन येतात. तक्रार एकच: माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर जमिनीला टेकला की पीटीओ, म्हणजे त्याला फिरवणारा ट्रॅक्टरमागचा शाफ्ट, थांबतो. मी इथे चालू करून पाहतो, तर छान फिरतो. त्यांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्या. टेकवायला जमीन आहेच कुठे? बिचाऱ्याला घरी करमत नाही, म्हणून बहाणा काढून येतात. मिनलने त्यांना कधीही "बिघाड नाही" असे सांगू नये. शाफ्ट काढावा, ग्रीस भरावे, पुन्हा बसवावा, चहा पाजावा. मी गेल्यावर त्या माणसाने कुठे जावे, या काळजीनेच मी हा कागद करायला घेतला.

५. वरचे कलम का खोडले ते सांगतो. साक्षीदार म्हणून अण्णासाहेबांनाच बोलावले होते. सहीआधी त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले आणि भडकले. "बिचारा कुणाला म्हणतो रं? चल, बस ट्रॅक्टरवर!"

मला थेट चऱ्होलीला नेले. दोन सोसायट्यांच्या मधोमध त्यांच्या बहिणीचा तुकडा अजून शिल्लक आहे. त्यात ते मेथी-कोथिंबीर करतात, हे मला ठाऊकच नव्हते. रोटाव्हेटर तिथेच उभा होता. जोडला, जमिनीत सोडला; इंजिन चालू आणि पीटीओ गप्प. उचलला की फिरतो, टेकवला की थांबतो. अरे देवा! पीटीओची क्लच प्लेट झिजली होती. लोड दिल्याशिवाय ती झीज कळतच नाही, आणि मी दया येऊन दरवेळी रिकामाच शाफ्ट फिरवत बसलो.

"मग दुसऱ्या गॅरेजला का नाही गेलास?" मी ओरडलो.

"वहिनी गेल्यापासनं तू एकटाच बसतो गड्या. मी बी आलो न्हाई तर तुझ्याकडं कोन येनार हाय?"



६. मिनलने आणि मी ट्रॅक्टर मधून फोडून, म्हणजे इंजिन आणि मागचा भाग वेगळा करून, प्लेट बदलली. त्याच तुकड्यात लोडवर चालवून पाहिला. वाफे चांगले झाले. यापुढे गॅरेजची पद्धत अशी: गिऱ्हाईक सांगेल ते आधी खरे धरावे, मग अवजार जोडूनच तपासावे.

७. ट्रॅक्टर नीट झाला. आता अण्णासाहेबांना इकडे यायला कारण उरले नाही, आणि मला त्याची धास्ती वाटते. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस मेल्यावरच लागू होते. हे एक कलम मात्र आजपासून लागू धरावे: अण्णासाहेबांनी ट्रॅक्टर न आणताही येत जावे.

लिहून देणार: ज्ञानदेव रामचंद्र येळवंडे (सही)

आमच्यासमोर सही झाली, आम्हीही केली:
१. अण्णासाहेब तापकीर, चऱ्होली (सही). सगळं वाचलं. कलम सात मान्य हाय.
२. कुसुमताई बोत्रे, शेजारी, महाळुंगे (सही)

ठिकाण: महाळुंगे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५