भाजलेला दाणा

मंगळवार, संध्याकाळ

घसा अजून सोलल्यासारखा दुखतोय. दिनेशनं, माझ्या दिरानं, हे मुद्दाम केलं. जालन्याहून रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हाच मी घरात सांगितलं होतं की शेंगदाण्यातलं जे प्रथिन मला बाधतं ते या तपासणीत नेमकं कळलं, आणि ते भाजूनही जात नाही. तो हसला होता. “भाजलेल्या दाण्यानं कोणी मरत न्हाई, वहिनी. नाटकं हैत.”

आज त्यानं माझ्या नकळत भाजीत कूट कालवलं. दुसऱ्या घासाला ओठ सुजले, मग श्वासच कोंडला. ह्यांनी डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेलं इंजेक्शन साडीवरूनच मांडीत खुपसलं.

हवा परत आली तेव्हा ह्यांनी दिनेशला भिंतीला रेटलं होतं, दोन्ही अंगठे त्याच्या गळ्यात. “असं होतं तिला. कळलं का आता?” दिनेशचे डोळे पांढरे व्हायला लागले. सासूबाई मला हलवत होत्या, “तू सांग गं, तुझंच ऐकंल.”

ते अंगठे. मला बोलता येत होतं. मग गप्प का बसले? त्याला पुरतं कळू दे, एवढंच मनात होतं. शेवटी सासूबाईंनीच लाटण्यानं मारून ह्यांचे हात सोडवले.

दवाखान्यात जाताना जीपमध्ये हे म्हणाले, “बरं झालं तुला बोलता येत नव्हतं. तू थांबवलं असतं मला.”

मी होकारार्थी मान हलवली.